दोन गुंठे प्लास्टिकखाली

डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने एक छोटी योजना जाहीर केली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर ‘हाय टनेल’ उभारला तर खर्चातला वाटा सरकार उचलणार होते. प्रयोग तीन वर्षांचा होता आणि अट अशी की छताखालची जागा एकराच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. पाच टक्के एकर म्हणजे २,१७८ चौरस फूट. सातबारा वाचायची सवय असलेल्याला हा आकडा बघताक्षणी ओळखू येईल. एकराचे चाळीस गुंठे, त्यांतले बरोबर दोन. वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांना गुंठा माहीत असण्याचे कारण नाही, पण त्यांनी छोट्या शेतकऱ्याला जे माप दिले ते आपल्या तलाठ्याच्या वहीतले निघाले. या मर्यादेत बसणारा आकार लगेच रूढ झाला: तीस फूट रुंद, बहात्तर फूट लांब, म्हणजे २,१६० चौरस फूट. पुढे योजना कायम झाली, मर्यादा सैल झाली, तरी तीस-बहात्तरचा टनेल अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत आजही पदोपदी दिसतो. या पुस्तकातले हिशेबही त्याच मापाचे आहेत.

टनेल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपच्या कमानी, त्यांवर ताणलेला प्लास्टिकचा एक थर, गुंडाळून वर घेता येणाऱ्या दोन्ही बाजू आणि दोन टोकांना दारे. आत हीटर नाही, मोठे पंखे नाहीत, काँक्रीटची जमीन नाही. पीक घ्यायचे ते पायाखालच्या मातीतच. माणूस उभा राहून काम करू शकतो, छोटा ट्रॅक्टर आत जातो, म्हणून तो ‘हाय’. गुडघाभर तारांवर कापड टाकून केलेला तो ‘लो’. आपल्या पॉलिहाऊसचा हा धाकटा, कमी खर्चिक भाऊ समजा. आणि होमस्टेड म्हणजे अमेरिकेतला तो संसार, जिथे घराभोवती दोन-पाच एकर जमीन असते, कोंबड्या असतात, एखादी शेळी असते, घरातले निदान एक माणूस बाहेर पगारी नोकरी करते आणि तरीही वर्षाची भाजी आपल्याच मातीतून यावी असा हट्ट असतो.

हे पुस्तक हातात घेणारे मराठी वाचक दोन प्रकारचे असतील, असे मी धरून चालतो. एक तिकडचा. न्यू जर्सीत किंवा ओहायोत घरामागे जमीन असलेला, भाजीचा वाफा पहिल्या हिमकणांनी एका रात्रीत काळा पडलेला पाहणारा. दुसरा इकडचा. शेजाऱ्याचे पॉलिहाऊस फाटक्या प्लास्टिकनिशी फडफडताना तो रोज पाहतो आणि तरी आपण दोन गुंठ्यांत काही करावे असे त्याला वाटते. दोघांनाही मला एकच गोष्ट सांगायची आहे. टनेल हा आधी महिन्यांचा विषय आहे, बांधकामाचा नंतर. वर्षातले कोणते महिने तुमच्या हातून जातात आणि त्यांतले कोणते परत मिळवायचे आहेत, हे ठरले की पाइपची जाडी, छताचा आकार, दिशा, बाजूंची उंची ही उत्तरे त्यातून निघत जातात. उलट्या क्रमाने गेलात तर आधी छत उभे राहते आणि मग त्याखाली काय लावायचे याची शोधाशोध सुरू होते. हा उलटा क्रम दोन्ही देशांत भरपूर आढळतो. अनुदान असेल तिथे जरा जास्तच.

प्लास्टिकच्या हरितगृहाचा जन्म तंगीतून झाला. केंटकी विद्यापीठात फलोत्पादनाचे प्राध्यापक असलेल्या एमरी मायर्स एमर्ट यांना लेक्सिंग्टनमध्ये हरितगृह हवे होते आणि काचेला पैसे नव्हते. १९४८ मध्ये त्यांनी लाकडी सांगाड्यावर सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म ताणून काम भागवले. अमेरिकेतले प्लास्टिकचे पहिले हरितगृह म्हणून आज त्याचेच नाव घेतात. लवकरच ॲसिटेटची जागा पॉलिथिलीनने घेतली. पॉलिथिलीन १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत भलत्याच प्रयोगातून अपघाताने हाती लागले होते, दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलींवर चढले आणि युद्ध संपल्यावर स्वस्त झाले. कमानीचा आकारही युद्धाकडूनच आला, निदान नावापुरता. ऱ्होड आयलंडमधल्या क्वॉनसेट पॉइंट या नाविक तळावर १९४१ मध्ये अर्धगोल पत्र्याच्या बराकी बनू लागल्या, आणि अर्धगोल टनेलला तिथले शेतकरी आजही ‘क्वॉनसेट’ म्हणतात. १९६४ मध्ये न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात विल्यम रॉबर्ट्स यांनी प्लास्टिकचे दोन थर घेऊन मध्ये छोट्या पंख्याने हवा भरली. तो फुगवलेला थर थंडी अडवतो आणि वाऱ्यात प्लास्टिक फडफडू देत नाही. इतिहास इतकाच पुरे. त्यातून घ्यायचे ते हे की या वास्तूच्या मुळाशी काटकसर आहे. कर्ज काढून, दिखाऊ सामान लावून ती उभारली की तिचा जीवच जातो.

आता ऊब कशी धरली जाते ते पाहू, कारण इथे बहुतेकांच्या डोक्यात शाळेतला धडा असतो. काच ऊन आत येऊ देते, आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून घर तापते, असे आपण शिकलो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांना हे पटले नाही. १९०९ मध्ये त्यांनी दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर सैंधवाची पारदर्शक तकटी. मिठातून उष्णतेचे किरण आरपार जातात, म्हणजे धडा खरा असता तर दुसरी पेटी बरीच थंड राहायला हवी होती. दोन्ही जवळजवळ सारख्याच तापल्या. काम होते ते झाकणाचे. तापलेली हवा वर उठून निघून जाते, ती झाकणाने कोंडली. (पृथ्वीच्या वातावरणाचे गणित निराळे आहे, त्यासाठी हा प्रयोग कुणी दाखल्याला घेऊ नये.) टनेलवाल्याच्या दृष्टीने निष्कर्ष सरळ आहे. आत जे आहे ती कोंडलेली हवा. बाजू उघडली की ऊब गेली, बंद केली की आली. बाहेर शून्याखाली तापमान असताना, निरभ्र दुपारी, बंद टनेलमध्ये पारा तिशीपार जाऊ शकतो. मार्च-एप्रिलमध्ये बाजू उघडायला विसरलेला माणूस दुपारी घरी येतो तेव्हा रोपे उकडलेली असतात. थंडीने जेवढी रोपे मरतात त्याच्या कितीतरी पट अशा विसराळूपणाने मरत असावीत, असा माझा संशय आहे.

रात्रीची गोष्ट उलटी. साधे पॉलिथिलीन उष्णतेच्या किरणांना फारसे अडवत नाही. सूर्य मावळला की माती आपली ऊब आकाशाकडे टाकत राहते आणि पहाटेपर्यंत आतबाहेर दोन-तीन अंशांचाच फरक उरतो. वारा पडलेल्या स्वच्छ रात्री कधी कधी तोही उरत नाही. म्हणून ‘प्लास्टिक टाकले, आता थंडी नाही’ ही समजूत आधी सोडावी लागते. आतल्या वाफ्यावर रात्री आणखी एक पातळ न विणलेले कापड टाकले, आपले शेतकरी कलिंगड-खरबुजावर वापरतात ते क्रॉप कव्हर, तर मातीची ऊब त्याखाली अडते. खरी कमाई इथे होते.

हा दुहेरी थराचा विचार ज्याने लोकप्रिय केला तो माणूस म्हणजे एलियट कोलमन. मेन राज्यात, समुद्रकाठी, हार्बरसाइड नावाच्या गावी त्यांचे ‘फोर सीझन फार्म’ आहे. ही जमीन त्यांनी १९६८ मध्ये हेलन आणि स्कॉट निअरिंग यांच्याकडून घेतली. निअरिंग दांपत्य अमेरिकेतल्या ‘परत मातीकडे’ चळवळीचे आद्य दैवत. व्यापारी शहर सोडून आधी व्हरमाँटच्या आणि मग मेनच्या थंडीत त्यांनी दगडी घर बांधले, स्वतःच्या भाजीवर जगले आणि १९७७ मध्ये आपल्या सूर्यतापी हरितगृहावर एक छोटे पुस्तकही काढले. हेलन तरुणपणी थिऑसॉफीच्या वर्तुळात, जे. कृष्णमूर्तींच्या निकटच्या मंडळींत होत्या. ही माहिती टनेल बांधायला निरुपयोगी आहे, पण होमस्टेडच्या कल्पनेत साधेपणाला जे जवळपास धार्मिक स्थान मिळाले आहे, ते कुठून आले याचा अंदाज त्यातून येतो.

कोलमन यांचा हिशेब असा. एक थर प्लास्टिक म्हणजे तुमचे शेत सुमारे पाचशे मैल दक्षिणेला सरकले. त्याखाली कापडाचा दुसरा थर म्हणजे आणखी पाचशे मैल. मेनमधला वाफा आधी न्यू जर्सीत येतो, मग जॉर्जियात. ऐकायला जादू वाटते. पण लगेच त्यांनीच दाखवलेली दुसरी बाजू येते, ती उजेडाची. दिवस दहा तासांहून लहान झाला की ऊब कितीही असो, पालेभाजीची वाढ जवळजवळ थांबते. ४४ अक्षांशावरच्या मेनमध्ये ही स्थिती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असते. या काळाला त्यांनी ग्रीक पुराणातल्या, पाताळात नेलेल्या पर्सेफनीचे नाव दिले. म्हणजे हिवाळ्यात टनेलमध्ये पीक वाढत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाढवून ठेवलेले पीक तिथे उभ्या उभ्या ताजे राहते आणि लागेल तसे कापून आणता येते. पेरणी ऑगस्टच्या शेवटी झाली की सप्टेंबरच्या शेवटी, यावर डिसेंबरची पानभाजी ठरते. हा फरक ज्याला उमगला त्याने अर्धे पुस्तक वाचले असे समजायला हरकत नाही.

आपल्याकडे हा प्रश्नच नाही. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. उजेड आपल्याला कधी कमी पडत नाही. पडतो तो पावसाळ्यात, ढगांमुळे.

तिकडच्या वाचकासाठी एक कडू बातमी आताच देऊन टाकतो. कढीपत्ता टनेलमध्ये निघणार नाही. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, लाल माठाऐवजी लालसर पानांचे लेट्यूस, लसणाची पात, मोहरीची पाने, हे सारे थंडी सोसणारे गट. पालक तर रात्री गोठून काचेसारखा कडक होतो आणि दुपारी पुन्हा मऊ पडून खाण्याजोगा असतो. फक्त गोठलेला असताना कापायचा नाही. कढीपत्ता, अळू, शेवगा यांना हीटर नसलेल्या छताचा काही उपयोग नाही. कढीपत्त्याची कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीतच ठेवा. उन्हाळी बाजूला मात्र टनेल भरभरून देतो. न्यू इंग्लंडमध्ये उघड्या शेतापेक्षा तीन-चार आठवडे आधी टोमॅटो हाती येतात, आणि पानांवर पाऊस न पडल्यामुळे करपाही कमी येतो. बाजारात पहिला टोमॅटो घेऊन जाणाऱ्याला तिथेही इथल्यासारखाच भाव मिळतो.

जागेच्या निवडीवर पुस्तकात पुष्कळ आहे. त्यातले जे लोक वाचून सोडून देतात तेवढेच इथे अधोरेखित करतो. घरापासून लांब नको. दिवसातून दोनदा बाजू वरखाली करायच्या असतात. लांब असेल तर जाणे टळते आणि मग उकडलेल्या रोपांची वेळ येते. खोलगट जागा नको, थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहत येऊन तिथे साचते. आणि वारा. हिवाळी उजेड महत्त्वाचा असेल तर चाळीस अक्षांशाच्या वर टनेलची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे लांब बाजू दक्षिणेकडच्या तिरप्या उन्हाला तोंड देते. पण बाजू उघडून हवा खेळती ठेवायची असेल तर उन्हाळ्यातला नेहमीचा वारा लांब बाजूवर आडवा यायला हवा. या दोन गरजा भांडल्या तर काय करायचे? माझे मत वाऱ्याच्या बाजूने. उजेड थोडा कमी मिळाल्याने पीक मागे पडते; हवा न खेळल्याने ते सडते.

बांधकामाला सुरुवात दोरीपासून होते. गवंडी गुण्या आणि दोरी घेऊन जे करतो तेच. चार कोपरे, खुंट्या, आणि कर्ण तपासणे. तीस-बहात्तरच्या मापात इथे एक गंमत दडलेली आहे. तीसचा वर्ग नऊशे, बहात्तरचा ५,१८४, बेरीज ६,०८४, आणि त्याचे वर्गमूळ बरोबर ७८. दोन्ही कर्ण नेमके अठ्ठ्याहत्तर फूट भरले की आयत काटकोनात आला. अपूर्णांक नाही, कॅल्क्युलेटर नाही. अनुदानाच्या मर्यादेतून निघालेल्या मापाला पायथागोरसचा असा आशीर्वाद मिळेल असे कुणाला वाटले असेल? हे कर्ण जुळेपर्यंत पुढचे काहीही करू नये. पाया एका बाजूला चार इंच सरकला तर कमानी तिरक्या बसतात, कडेच्या फळ्या जुळत नाहीत, आणि शेवटी प्लास्टिकला अशा सुरकुत्या पडतात की ते बदलेपर्यंत रोज दिसत राहतात.

मग फाउंडेशन पाइप. चार-चार फुटांवर कमान घेतली तर बहात्तर फुटांत एकोणीस कमानी, म्हणजे अडतीस पाइप जमिनीत ठोकायचे. सहा फुटांवर घेतली तर तेरा कमानी आणि सव्वीस पाइप. फरक पैशाचा आहे आणि मोह सहा फुटांचा होतो. बर्फ पडणाऱ्या मुलखात तो मोह टाळावा. तीस फूट रुंदीच्या टनेलवर एक इंच पाण्याएवढा ओला बर्फ साचला तर छतावर पाच टनांहून जास्त ओझे येते. अर्धगोल कमानीचा माथा जवळजवळ सपाट असतो, तिथेच ते बसून राहते. म्हणून बर्फाळ राज्यांत टोकदार माथ्याची, चर्चच्या खिडकीसारखी ‘गॉथिक’ कमान घेतात. तिच्यावरून बर्फ आपोआप घसरतो. घसरलेला बर्फ बाजूंना साचतो आणि आत रेटतो, तो फावड्याने काढावा लागतो, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सहसा नसते.

ओझ्याहून मोठा शत्रू वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, दाब चौपट. त्यात कमानीची पाठ गोल, म्हणजे वरून जाणारा वारा तिला दाबण्याऐवजी वर उचलतो. टनेल कोसळण्यापेक्षा उडून जाण्याची भीती जास्त, आणि त्याला धरून ठेवतात ते जमिनीतले पाइप, कोपऱ्यातले आडवे-तिरपे आधार आणि टोकाच्या भिंती. नवा माणूस पैसे वाचवतो ते नेमके तिरप्या आधारांत, कारण आधारांशिवायही सांगाडा उभा दिसतो. पहिल्या वादळापर्यंत दिसतो.

पीव्हीसीच्या पाइपांविषयी इथे सांगणे भाग आहे, कारण नळाच्या दुकानातले पाइप वाकवून शनिवार-रविवारात टनेल उभा करण्याच्या कृती सर्वत्र फिरत असतात. लो टनेलला ते चालतील. डोक्यावरच्या छताला नाही. बर्फाखाली ते लवतात, उन्हाने ठिसूळ होतात, आणि पीव्हीसीला लागून असलेले हरितगृहाचे प्लास्टिक तेवढ्याच पट्ट्यात लवकर कुजते. स्वस्त सांगाडा महाग प्लास्टिक खातो.

प्लास्टिक चढवणे हा दिवसाचा सोहळा. अमेरिकेत सहा मिल, म्हणजे १५० मायक्रॉनची, अतिनील किरणांना तोंड देणारी फिल्म वापरतात आणि ती साधारण चार वर्षे टिकेल असे धरतात. आपल्या पॉलिहाऊसला २०० मायक्रॉनची असते. बांधकामाच्या दुकानातला साधा ताडपत्रीचा कागद एका उन्हाळ्यात चिंध्या होतो. चढवायची ती वारा पडलेल्या सकाळी, आणि फार थंडीत नाही. थंडीत ताणलेले प्लास्टिक उन्हाळ्यात सैल पडते आणि सैल प्लास्टिक फडफडून स्वतःला फाडते. कडेला ॲल्युमिनियमची प्रोफाइल आणि तीत दाबून बसवायची झिगझॅग स्प्रिंग. आपल्याकडे पॉलिहाऊसवर काम केलेल्या कोणत्याही मजुराला ही स्प्रिंग डोळे मिटून बसवता येते, तिकडच्या घरमालकाला पहिल्यांदा बोटे सोलून घ्यावी लागतात. शेजारीपाजारी बोलवा, दोरीच्या टोकाला चेंडू बांधून पलीकडे फेका, प्लास्टिकची कड त्या दोऱ्यांना बांधून सर्वांनी एकदम ओढा. निम्म्या वाटेवर वारा सुटला तर तीस-बहात्तरचे शीड घेऊन तुम्ही कुठल्या दिशेला निघाल ते सांगता येणार नाही.

छत झाले की लोक पुस्तक मिटतात. पण पाच-सात वर्षांनी टनेल का फसतो याचे उत्तर मातीत असते. आत पाऊस पडत नाही. पाणी ठिबकने, मोजून, वरच्या फूटभर थरात. त्यामुळे खतांतले आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार खाली धुऊन जात नाहीत, वर येऊन साचतात; वाफ्याच्या कडेला पांढरी पापडी दिसू लागते. शिवाय त्याच दोन गुंठ्यांत दरवर्षी टोमॅटो लावल्याने सूत्रकृमी आणि मुळांचे रोग मुक्काम ठोकतात. मावा आणि पांढरी माशी यांना तर पाऊस-वाऱ्यापासून सुटका मिळाल्याने आनंदच. यावर मला सर्वांत पटलेला इलाज जुना आणि साधा आहे. प्लास्टिक बदलायचे वर्ष आले की जुने शरद ऋतूत काढा आणि एक हिवाळा माती उघडी राहू द्या, पाऊस आणि बर्फ तिला धुऊन काढतील. कोलमन यांनी निराळी वाट काढली. त्यांचे टनेल रुळांवर सरकतात, छत एका वाफ्यावरून शेजारच्या वाफ्यावर जाते आणि मागची माती मोकळी होते. कल्पना देखणी आहे. पण रुळांवरचा टनेल वाऱ्याला धरून ठेवणे हे पहिल्याच खेपेला टनेल बांधणाऱ्याचे काम नव्हे.

आता इकडचा वाचक. महाराष्ट्रात संरक्षित शेती रुजली ती फुलांच्या वाटेने. तळेगाव दाभाडेच्या परिसरात, मावळात, गुलाब, जरबेरा, कार्नेशनची पॉलिहाऊसे उभी राहिली, तिथेच प्रशिक्षण केंद्र आले, आणि मग पन्नास टक्के अनुदानाच्या आधाराने दहा-वीस गुंठ्यांची पॉलिहाऊसे जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. काहींनी चांगले पैसे केले. काहींच्या वाट्याला बँकेचा तगादा आला. जरबेऱ्याचा बाजार लग्नसराईवर आणि मोठ्या शहरांच्या मंडईवर अवलंबून; त्यात मांडवांत प्लास्टिकची फुले शिरली. प्लास्टिकच्या घरात फुले पिकवणाऱ्यांना प्लास्टिकच्याच फुलांनी मारावे, यातला विनोद त्यांना हसू आणणारा नव्हता. या इतिहासामुळे ‘पॉलिहाऊस म्हणजे कर्ज’ असे समीकरण अनेक घरांत झाले आहे, आणि ते निराधार नाही.

पण महिन्यांचा प्रश्न इथेही विचारून पाहा. आपल्याला डिसेंबर परत मिळवायचा नाही, तो आपल्याकडे आहेच. आपले जातात ते जून ते सप्टेंबर. संततधारेत कोथिंबीर सडते, पालकाला ठिपके पडतात, टोमॅटोची रोपे कोलमडतात, आणि नेमके तेव्हाच कोथिंबिरीच्या जुडीचा भाव गगनाला भिडतो. आणखी जातात ते फेब्रुवारी-मार्च, गारपिटीच्या भीतीत. २०१४ च्या गारपिटीने महाराष्ट्रभर काय केले ते द्राक्षवाल्यांना विचारावे. म्हणजे आपल्याला हवी आहे ती छत्री. बाजू कायम उघड्या किंवा जाळीच्या, माथा उंच, ऊब वर निघून जाईल अशी फट, आणि एप्रिल-मेमध्ये प्लास्टिकखाली शेडनेट. मेनमधल्या टनेलचे चित्र जसेच्या तसे आणून मराठवाड्यात उभे केले तर मे महिन्यात त्यात कुरडया वाळवता येतील, भाजी नाही. तिथले प्लास्टिक बर्फाशी झुंजते, इथले वळवाच्या वाऱ्याशी, आणि तो वारा पंधरा मिनिटांत येऊन जातो. सावरायला वेळही देत नाही. म्हणून तिरप्या आधारांची प्रकरणे इथल्या वाचकाने दोनदा वाचावीत, बर्फाचे वाचले नाही तरी चालेल.

लडाखचे उदाहरण मधल्या वाटेचे आहे. तिथे जमिनीत खड्डा घेऊन त्यावर प्लास्टिक टाकलेली आणि उत्तरेला जाड मातीची भिंत ठेवून दक्षिणेला प्लास्टिक लावलेली घरे हिवाळ्यात पालेभाजी देतात. थंडी मेनसारखीच कडक, पण लेहचा अक्षांश ३४, त्यामुळे उजेड मेनपेक्षा बरा आणि आकाश स्वच्छ. एकाच वस्तूची तीन रूपे तीन ठिकाणी झाली, कारण तिन्ही ठिकाणी हरवलेले महिने निरनिराळे.

खर्चाचे आकडे प्रस्तावनेत देत नाही. पोलादाचा आणि प्लास्टिकचा भाव पुस्तक छापून होईपर्यंत बदलतो. एक सूचना मात्र करतो. हिशेबात प्लास्टिक चार वर्षांनी पुन्हा घ्यायचे आहे ही रक्कम पहिल्याच दिवशी लिहा, आणि अनुदान शेवटच्या ओळीत, वेगळे ठेवा. अनुदान वजा करूनही दोन गुंठे स्वतःच्या पायावर उभे राहतात का, ते तिथे दिसेल. घरची भाजी हाच हेतू असेल तर पैशाचा हिशेब लागणारच नाही, आणि लावूही नये. घरच्या पालकाला जानेवारीत मेनमध्ये काय भाव द्यायचा?

शेवटी पाण्याविषयी, कारण पुस्तकात ते बर्फाच्या ओघात आले आहे आणि आपल्या पावसाला पुरेसे नाही. या छतावर एक इंच पाऊस पडला की सुमारे पाच हजार लिटर पाणी दोन्ही बाजूंना खाली येते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर असा पाऊस सकाळच्या चहाआधी पडून जातो. चर नसेल तर ते पाणी पाइपच्या बुंध्याशी मुरते, माती सैल करते, आणि वाऱ्याला जे पाइप धरून ठेवायचे तेच हलू लागतात. उरलेले आतल्या वाफ्यांत शिरते. तेव्हा पाइप ठोकण्याआधी दोन्ही बाजूंना फूटभर खोल, टोकाला उतार दिलेला चर काढा. त्याचे तोंड शेततळ्याकडे किंवा टाकीकडे वळवता आले तर आणखी बरे. तेवढे पाणी दोन गुंठ्यांच्या ठिबकला साधारण आठवडाभर पुरते.